धक्का आणि थांबा यांमधले अंतर

महाराष्ट्राच्या किनाऱ्याविषयी सध्या पुष्कळ बोलले जाते. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग, खाड्यांवरचे नवे पूल, मोटारी पोटात घेऊन पाणी ओलांडणाऱ्या रो-रो बोटी, समुद्रकाठची पर्यटन केंद्रे असे अनेक विषय या चर्चेत येतात. त्या सर्वांच्या मुळाशी प्रवाशाची एक ठरावीक प्रतिमा आहे. हा प्रवासी मुंबईहून किंवा पुण्याहून स्वतःच्या मोटारीने निघतो, दुपारच्या आत एखाद्या हॉटेलात पोचतो आणि दोन दिवसांनी तसाच परततो. त्याची गाडी वाटेत कोठे अडू नये, ही योजनाकारांची मुख्य काळजी. ती अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण याच किनाऱ्यावरून आणखीही एक प्रवासी जात असतो. त्याच्यापाशी मोटार नसते. पाठीवर एक पिशवी, खिशात मोजके पैसे आणि रविवारला जोडून मिळालेली एखादी रजा एवढ्या भांडवलावर तो निघतो. लाँचने खाडी ओलांडतो, एसटीने पुढचे गाव गाठतो, खानावळीत जेवतो आणि जमेल तेथे मुक्काम करतो. शाळेतला शिक्षक, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी यांनी आपला देश पाहायचा, तर तो बहुधा असाच. या प्रवाशाचा विचार कोणत्या आराखड्यात आहे, असा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

त्याची गरज खरे पाहता फार थोडी आहे. बोट धक्क्याला लागेल तेव्हा पुढची एसटी तेथे असावी आणि एसटी पोचेल तेव्हा पलीकडे नेणारी बोट सुटलेली नसावी. बोट आहे, एसटीही आहे. नाही ती या दोहोंमधली जोड. धक्का आणि थांबा यांमधले हे अंतर कोठे शंभर पावलांचे आहे, कोठे दोन-चार किलोमीटरांचे. पण तेवढ्यापायी माणसाचा निम्मा दिवस फुकट जातो. आणि ज्याचा दिवस असा जातो, तो पाठीवर पिशवी घेतलेला पाहुणा तेवढा नसतो. खाडीपलीकडच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यातून परतणारा म्हातारा, मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघालेली कोळीण हे सगळे त्याच धक्क्यावर, त्याच एसटीची वाट पाहत बसलेले असतात. म्हणूनच हा प्रश्न हौसेचा राहत नाही, सार्वजनिक व्यवस्थेचा होतो.

भूगोलाची अट

कोकणात जमीन आणि पाणी यांचा प्रवास वेगवेगळा करता येत नाही. आजवर ७२० किलोमीटर म्हणून सांगितल्या गेलेल्या या किनाऱ्याला ठिकठिकाणी खाड्यांनी छेद दिला आहे. धरमतरची खाडी, कुंडलिकेचे मुख, राजपुरीची खाडी, सावित्रीवरचे बाणकोट, वाशिष्ठीवरचे दाभोळ, शास्त्रीवरचे जयगड, पुढे जैतापूर, विजयदुर्ग, आणि अगदी दक्षिणेला तेरेखोल. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला दर काही कोसांवर पाणी आडवे येते. ते टाळायचे तर खाडीच्या कडेने आत, पूर्वेकडे जाऊन पूल गाठावा लागतो आणि पुन्हा पश्चिमेकडे यावे लागते. दाभोळहून समोर दिसणारे धोपावे फेरीबोटीने काही मिनिटांवर आहे. रस्त्याने मात्र चिपळूणच्या बाजूचा मोठा वळसा पडतो.

ही अट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी प्रवासाची व्यवस्थाही तशीच लावली होती. मुंबईहून निघणारी आगबोट बंदरे घेत घेत दक्षिणेला जाई. मोठी बोट काठाला लागू शकत नसे, म्हणून गावचे पडाव आणि मचवे खोल पाण्यात जाऊन उतारू घेऊन येत. आगबोटीच्या वेळेवर पडाव ठरे, पडावाच्या वेळेवर बैलगाडी ठरे, पुढे मोटारगाडीही ठरू लागली. गिरणीत काम करणारा चाकरमानी शिमग्याला घरी जाई तो या साखळीच्या भरवशावर. पावसाळ्यात ती तुटे हे खरे, पण केव्हा तुटणार आणि केव्हा जुळणार हे सर्वांना माहीत असे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. स्वातंत्र्याच्या तोंडावर झालेला हा अपघात कोकणाच्या आठवणीतून आजही गेलेला नाही. गरिबांच्या वाहतुकीत सुरक्षिततेकडे काणाडोळा झाला की काय होते, याचे ते कायमचे उदाहरण आहे. पुढे ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ यांसारख्या बोटींनी मुंबई-पणजी मार्ग चालवला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तोही बंद पडला. त्यानंतर आलेल्या वेगवान किंवा विलासी बोटींचे भाडे साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. सामान्य माणसाची लांब पल्ल्याची जलवाहतूक संपली. राहिल्या त्या खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणाऱ्या लाँच आणि तरी. आज त्यांच्याकडे आपण प्रवासाचा एक दुवा म्हणून पाहतच नाही.

एका दिवसाचा हिशेब

हा दुवा आजही किती कामाचा आहे, हे एका दिवसाच्या प्रवासावरून दिसेल. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच घ्यावी. मुंबई बंदरातली उभी जहाजे मागे टाकत ती साधारण दीड तासात रेवसला पोचते. रस्त्याने अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास पडते आणि मुंबईबाहेर पडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. रेवसला उतरून एसटीने अलिबाग. ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन येता येते. गावातच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्यात ट्रामगाड्या विजेवर चालू लागणार, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडतील म्हणून १९०४ साली ती येथे हलवण्यात आली. विज्ञानाच्या शिक्षकाला वर्गात सांगण्याजोगी याहून चांगली गोष्ट क्वचितच मिळेल.

अलिबागहून मुरूडची एसटी चौल आणि रेवदंडा घेत जाते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे याच चौलला उतरला. वाटेत चोरांनी त्याला लुटले होते आणि विकण्यासाठी आणलेला एक घोडा एवढीच त्याची पुंजी होती. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतामुळे त्या काळच्या दख्खनची माहिती आज आपल्याला मिळते. याच जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले ते कुटुंबावरचे कर्ज फिटावे म्हणून, दक्षिणेच्या आशेने. त्यांच्या ‘माझा प्रवास’ने मराठी वाचकाला त्या बंडाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन दिले. दोघांच्याही खिशात पैसा नव्हता. पैसा नसल्यामुळेच ते वाटेवरच्या माणसांत मिसळले आणि त्यांना दिसले ते पालखीतून जाणाऱ्याला दिसले नसते. स्वस्त प्रवासाचा हा एक मोठा गुण आहे. त्याला केवळ काटकसर म्हणणे अपुरे होईल.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई लागते. पोर्तुगीज सत्ता जाऊन शतके लोटली, तरी या गावातले काही लोक घरात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. एसटीत शेजारी बसलेल्या बाईशी दोन शब्द बोलावे, म्हणजे भाषाशास्त्राचा एक धडा प्रत्यक्ष ऐकायला मिळतो. पुढे काशीद, नांदगाव करत मुरूड येते. मराठ्यांना कधी जिंकता न आलेला जंजिरा येथे समोर उभा आहे. मुरूडहून आगरदांडा गाठावे आणि फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरावे. तेथून बोर्ली पंचतनवरून श्रीवर्धन. पेशवाईचा पाया घालणारे बाळाजी विश्वनाथ भट या गावचे. सकाळी मुंबईच्या गर्दीत असलेला माणूस संध्याकाळी श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीत असतो. बंदर, किल्ले, एक परभाषक गाव, दोन जलप्रवास आणि एसटीच्या तीन-चार गाड्या असे सगळे त्याने एका दिवसात पाहिलेले असते. मोटारीच्या पेट्रोलला लागणाऱ्या पैशांच्या एका अंशात हे होते. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे. त्यामुळे ज्या घरातल्या बायका खर्चापायी मागे राहत, त्यांनाही आता निघता येते.

हा हिशेब कागदावर फार सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो जमतो केव्हा? सगळे दुवे एकमेकांना लागले तर! एक निसटला की मागचा-पुढचा सगळा दिवस कोसळतो.

तुटलेला दुवा

गेल्या हिवाळ्यात एका खाडीच्या धक्क्यावर पाहिलेले दृश्य येथे सांगण्याजोगे आहे. धक्क्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण थोड्याफार फरकाने ते इतरत्रही दिसते. फेरीबोट काठाला लागली. पुढची फळी खाली पडली आणि मोटारी व दुचाक्या धुरळा उडवत पाच मिनिटांत निघून गेल्या. मागे आम्ही दहा-बारा पायी उतारू राहिलो. एसटी नुकतीच गेली होती. पुढची दोन तासांनी. दवाखान्यातून परतणारे एक वृद्ध गृहस्थ औषधांची पिशवी मांडीवर घेऊन एका दगडावर टेकले. बसायला दुसरे काही नव्हतेच. बोटीवरच्या खलाशाला विचारले, तर तो म्हणाला, “एसटी आमच्यासाठी थांबत नाही आणि आम्ही एसटीसाठी थांबत नाही. आजोबांना रिक्षा परवडत नाही, तर त्यांनी करायचे काय?” त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ऊन पडते, पाऊस पडतो, तशी एसटी निघून जाते.

अशा ठिकाणी दोष एका चालकाचा किंवा एका तांडेलाचा नसतो. एसटीचा चालक आगाराने दिलेली वेळ पाळतो. बोटवाला आपल्या फेऱ्या पाळतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि प्रवासी मात्र उन्हात उभा राहतो. एसटी महामंडळाचा कारभार वेगळा, बंदरे आणि जेट्टी सागरी मंडळाच्या ताब्यात, फेरीबोट खाजगी चालकाकडे. यांतल्या कोणालाही प्रवाशाचा संपूर्ण प्रवास दिसत नाही. प्रत्येकाला आपला तेवढा तुकडा दिसतो. एसटी स्थानकातल्या वेळापत्रकाच्या फलकावर बोटीची वेळ सहसा लिहिलेली नसते आणि जेट्टीवर एसटीची. प्रवाशाने चौकशीच्या खिडकीशी विचारावे, पानवाल्याला विचारावे आणि शेवटी नशिबावर हवाला ठेवावा.

कायद्याला मात्र ही जोड अपरिचित नाही. ज्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यावर आजची एसटी उभी आहे, त्यात महामंडळे स्थापण्याच्या कारणांमध्ये रस्त्यावरील वाहतुकीचा इतर प्रकारच्या वाहतुकीशी मेळ घालणे हे एक कारण स्पष्टपणे सांगितले आहे. कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंघटित सेवा देणे, हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे. त्याच्याही मागे गेलो, तर तरींच्या नियमनासाठी मुंबई इलाख्यात १८६८ सालीच कायदा झाला होता. म्हणजे खाडी ओलांडणे ही सार्वजनिक सोय आहे, हे तत्त्व राणीच्या राज्यातही मान्य होते. नव्या मागणीची येथे गरजच नाही. कागदावर असलेले कर्तव्य धक्क्यापर्यंत पोचवा, एवढेच म्हणणे आहे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातील. त्यांतला पहिला असा की, खाड्यांवर पूल होत आहेत. एकदा ते झाले की बोटीचा प्रश्नच उरणार नाही. पूल व्हावेत याबद्दल वाद नाही. पण पूल म्हणजे पायी माणसाची सोय, असे समीकरण मांडण्याआधी मुंबईजवळचा अनुभव पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटर लांबीचा आहे. त्यावर पादचाऱ्याला जागा नाही; दुचाकीला आणि रिक्षालाही मज्जाव आहे. पुलावरून बस नेली नाही, तर वाहन नसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो पूल नसल्यासारखाच. आणि पूल झाल्यावर फेरीबोटीचे उत्पन्न बुडणार, ती बंद होणार. बोट गेली आणि बस आली नाही, अशी अवस्था झाली तर आज दहा मिनिटांत पलीकडे जाणारा विद्यार्थी उद्या पुलाकडे नुसता पाहत राहील. शिवाय मोठी कामे किती रेंगाळू शकतात, हे मुंबई-गोवा महामार्गाने दाखवले आहे. २०११ साली सुरू झालेले त्याचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ चालू राहिले. तोवर माणसांनी काय करायचे?

दुसरा आक्षेप रेल्वेचा. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि कोकणाचा वनवास संपला असे म्हटले गेले. रेल्वेने पुष्कळ केले, यात संशय नाही. परंतु तिचा मार्ग खाड्यांची मुखे टाळून बराचसा आतून जातो. माणगाव, खेड, चिपळूण ही तिची स्थानके. श्रीवर्धन, दापोली, गुहागर ही समुद्राकडची गावे तिच्यापासून दूरच राहिली. तेथे पोचायला एसटी हवीच आणि एका बंदरगावाहून दुसऱ्या बंदरगावाला जायला बोटही हवी.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार. एसटी तोट्यात आहे. ऑक्टोबर २०२१ पासून कित्येक महिने चाललेल्या संपाने तिचे कंबरडे मोडले. जानेवारी २०२५ मध्ये तिला भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढवावे लागले. अशा संस्थेवर आणखी बोजा कशाला? याचे उत्तर असे की, येथे नव्या गाड्या मागितलेल्याच नाहीत. ज्या गाड्या आजही त्या गावांवरून धावतात, त्यांची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे करावी आणि धक्का जवळ असेल तेथे तेवढी फेरी वाढवावी. बोटीतून उतरलेले दहा प्रवासी आज रिक्षात किंवा वडापच्या गाडीत कोंबून जातात. ते एसटीत बसले तर एसटीचे उत्पन्न वाढेल, कमी होणार नाही. रिकामी गाडी वेळेवर सोडण्यापेक्षा भरलेली गाडी दहा मिनिटे उशिरा सोडणे महामंडळाच्याही हिताचे आहे.

भरती-ओहोटीमुळे बोटीची वेळ नक्की सांगता येत नाही, असेही म्हटले जाईल. रेवससारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच खोळंबतात, हे खरे आहे. पण भरतीच्या वेळा वर्षभर आधी छापून तयार असतात. उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे कोळीवाड्यातले पोरसुद्धा तिथीवरून सांगते. जे त्या पोराला कळते, ते आगाराच्या वेळापत्रकात दर महिन्याला मांडता येऊ नये, हे पटण्यासारखे नाही.

जेथे जमले आहे तेथे

हे जमते याचे पुरावे दूर शोधायला नकोत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या काही खाजगी बोटींच्या तिकिटातच अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. बोट लागते, बस उभी असते, उतारू बसतात, बस सुटते. हा मेळ घालायला कोणतीही समिती नेमावी लागली नाही. धंद्याची गरज म्हणून तो घातला गेला. पावसाळ्यात ही बोट बंद असते, पण चालू असते तेव्हा माणसाला धक्क्यावर ताटकळावे लागत नाही. मुंबईच्या समोर जे खाजगी चालकाला सुचले, ते खाली दिघीला, वेश्वीला, धोपाव्याला किंवा तवसाळला सार्वजनिक संस्थांना सुचू नये काय?

शेजारच्या गोव्यात सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोटी चालवते आणि पायी प्रवाशाकडून भाडे घेत नाही. दिवाडी किंवा चोडण बेटावरचा माणूस पाणी ओलांडतो ते रस्त्याचा पुढचा भाग म्हणून. केरळात १९६८ पासून राज्याचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे. आलप्पुळाहून कोट्टयमला जाणाऱ्या त्याच्या बोटीत परदेशी पाहुणा आणि बाजाराला निघालेली बाई शेजारी बसतात. जानेवारी २०१७ मध्ये याच खात्याने वैकमजवळ ‘आदित्य’ ही सौर ऊर्जेवर चालणारी बोट सुरू केली. एप्रिल २०२३ मध्ये कोचीत जलमेट्रो आली आणि बेटांवरचे लोक शहराच्या मेट्रोला जोडले गेले. आपला किनारा केरळपेक्षा कमी देखणा नाही आणि आपली एसटी तर देशातल्या मोठ्या परिवहन संस्थांपैकी एक आहे. उणीव आहे ती दोन खात्यांनी एका टेबलाशी बसण्याची.

त्यासाठी करायच्या गोष्टी चारच आहेत. पहिली, प्रत्येक खाडीसाठी बोट आणि एसटी यांचे एकत्र वेळापत्रक तयार करून ते दोन्ही काठांच्या धक्क्यांवर आणि जवळच्या स्थानकांत लावावे. बोट दिसत असताना एसटी सोडू नये, असा नियम करावा. दुसरी, प्रत्येक जेट्टीवर पायी प्रवाशांसाठी छप्पर, बाक, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह एवढे तरी असावे. मोटारींच्या रांगेसाठी जागा सापडते, तर माणसांसाठीही सापडेल. तिसरी, ‘आवडेल तेथे प्रवास’ हा एसटीचा चार आणि सात दिवसांचा पास फेरीबोटींनाही लागू करावा. या पासाने माणूस राज्यभर हिंडू शकतो, पण खाडीच्या काठावर येऊन थांबतो; पलीकडच्या काठावर तोच पास पुन्हा चालतो. मधल्या त्या चिंचोळ्या पाण्याचा हिशेब महामंडळाने आणि बोटचालकाने आपसांत करावा. चौथी, जेथे पूल होणार आहे तेथे पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यावरून एसटी सुरू होईल आणि ती नीट चालू लागेपर्यंत पायी उतारूंची तर बंद होणार नाही, अशी अट आजच घालावी.

या सर्वांचा फायदा किनाऱ्यावरच्या छोट्या माणसाला होईल, हेही ध्यानात घ्यावे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. नारळ-पोफळीचे झाड पुन्हा उभे राहून उत्पन्न द्यायला वर्षे लागतात. मधल्या काळात अनेक घरांना आधार झाला तो घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचा आणि जेवणाचे ताट वाढण्याचा. पाठीवर पिशवी घेऊन आलेला प्रवासी याच घरांत उतरतो. त्याचा पैसा थोडा असतो, पण तो घावन करणाऱ्या बाईच्या, सोलकढी देणाऱ्या खानावळवाल्याच्या आणि होडीवाल्याच्या हातात जातो. असे प्रवासी वर्षभर, आडवारीही येत राहिले, तर किनाऱ्याला सलग मिळकत होते. शनिवार-रविवारच्या मोटारींच्या लोंढ्याने ती होत नाही. त्याने रस्ते तेवढे तुंबतात.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या काळात ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद महाराष्ट्राने पुष्कळ अंशी खरे करून दाखवले. ज्या गावात डॉक्टर पोचला नाही, तेथेही रात्री वस्तीची गाडी पोचली आणि सकाळी मुलांना शाळेत घेऊन गेली. त्या ब्रीदाची कोकणातली कसोटी रस्ता संपतो तेथे लागते. सागरी महामार्गावरून रोज किती मोटारी गेल्या, याचे आकडे उद्या अभिमानाने सांगितले जातील. त्याच वेळी बोटीतून शेवटचा उतारू उतरेपर्यंत किती धक्क्यांवर एसटी थांबली, हाही आकडा कोणीतरी मागितला पाहिजे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या परिवहन आणि बंदर अधिकाऱ्यांनी येत्या हंगामाआधी एकदा एकत्र बसून वेळा जुळवल्या, तरी त्याची सुरुवात होईल. त्याला ना निविदा लागते, ना भूमिपूजन. लागतो तो एक कागद आणि त्यावर दोन खात्यांच्या दोन सह्या.